आरएक्स १००साठी पिस्टन किट कसं निवडावं

यामाहा आरएक्स १००चं इंजिन उघडायची वेळ आली की लोक दुकानात जाऊन आधी विचारतात, "किती सीसीचं किट मिळेल?" सुरुवातच इथे चुकते. आपला ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, किती झिजलाय हे आधी बघायचं, किट त्यानंतर.

हेड आणि ब्लॉक उतरवा, पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन काढा. खाली २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा सापडला तर पिस्टन मिलिमीटरच्या तितक्या शतांशांनी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा आहे. १००चा पिस्टनही ढिला झाला असेल तर नवा लायनर (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) घालून ब्लॉक परत स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर आणा.

ओव्हरसाइजने गाडी जास्त पळते, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ऐकू नका. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५०, म्हणून हे इंजिन ९८ सीसीचं. बोअर अख्खा एक मिलिमीटर वाढवला तरी १०२च होतात. ओव्हरसाइज म्हणजे झीज भरून काढणं, बस. ५८चा पिस्टन बसवला तर १३२ सीसी होतात हे खरं, पण त्याच्या जाड लायनरसाठी ब्लॉकखालच्या क्रँककेसचं तोंड कापावं लागतं, उष्णता वाढते, कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे जेट बदलावे लागतात. शिवाय आरसीवर ९८ सीसीच लिहिलेलं असतं आणि गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची खिडकी) वरच्या बाजूने घासून वाढवलेला 'रेसिंग' ब्लॉकही रोजच्या गाडीला नको. वरच्या आरपीएमला पळतो, पण घाटात खालचा ओढा जातो. रोज चालवायची असेल तर पुढचं एक ओव्हरसाइज घ्या.

आता बोअरिंग, म्हणजे ब्लॉक आतून नव्या पिस्टनच्या मापाला कापून घेणं. गाड्या मरतात त्या इथे. पहिल्या वेळी मी नुसता ब्लॉक नेऊन दिला, "५० मारा" (५०च्या ओव्हरसाइजला कापा) म्हणालो आणि पिस्टन नंतर विकत घेतला. कात्रजचा घाट चढताना इंजिनाने पकडलं, मागचं चाक जाम झालं. क्लच वेळेत दाबला म्हणून पडलो नाही. उघडून पाहिलं तर पिस्टनवर चार जागी उभे ओरखडे होते. असे चार ओरखडे दिसले की समजायचं, क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि लायनरमधली फट, कमी पडला. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी लायनरपेक्षा जास्त फुगतो आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात त्याला जागा लागतेच.

म्हणून पिस्टन आधी घ्यायचा आणि तोच ब्लॉकसोबत द्यायचा. एकाच डब्यातल्या, एकाच आकड्याच्या दोन पिस्टनांतही फरक निघतो. पिस्टन स्कर्टच्या (रिंगांखालच्या भागाच्या) खालच्या बाजूला, पिस्टनच्या आडव्या पिनला काटकोनात मायक्रोमीटरने मोजायला लावा. माथ्याजवळ मोजलं तर आकडा कमी येतो. किटसोबतच्या कागदावर क्लिअरन्स दिलेला असेल तर तो पाळा. नसेल तर मी ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर ठेवतो. "टाइट ठेवतो, जास्त टिकेल" म्हणणाऱ्या कारागिराकडून ब्लॉक उचला आणि दुसरीकडे न्या.

होनिंग (कापलेला ब्लॉक आतून दगडाने घासणं) झाल्यावर प्रत्येक पोर्टच्या कडेवरून कापूस फिरवा. धागा अडकला तर ती कड रिंगही अडकवणार. कडा बारीक मारून घेतल्याशिवाय ब्लॉक घरी आणायचा नाही.

रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधल्या बारीक पिनांशी जुळवा, माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा, आडवी पिन जागेवर धरणाऱ्या सर्कलिप नव्याच घाला.

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्याच्या वर थ्रॉटल नको, आणि एकाच वेगावर लांब पल्लाही नको. मधून मधून स्पार्क प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला तर गाडी तिथेच थांबवा आणि आधी ऑइल पंप तपासा, मग इन्टेकला कुठे हवा शिरतेय का ते बघा, मग मेन जेट एक नंबर वाढवा.