बंद कंपनीच्या मागचे जंगल : भांडुप-मुलुंडच्या डोंगरालगत कसे राहावे

भांडुप किंवा मुलुंड पश्चिमेला स्टेशनवरून निघून लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडला आणि डोंगराच्या दिशेने चालत राहिले, की थोड्याच वेळात रस्ता चढू लागतो, इमारतींमागून चाळी व पाडे दिसू लागतात आणि पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या पायथ्याशी काही दशके औषधांचे, रंगांचे, टायरचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने चालले. भोंग्यावर घड्याळ लावण्याचा तो काळ आता सरला आहे. बहुतेक कंपन्या बंद पडल्या किंवा मुंबईबाहेर गेल्या. काहींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि काही कंपाउंडे वाद मिटण्याची वाट पाहत तशीच पडून आहेत. या पट्ट्यात नव्याने राहायला येणारा माणूस पहिल्यांदा बिबट्याची चौकशी करतो. मला विचाराल तर त्याने आधी त्या पडीक कंपाउंडाची चौकशी करावी, कारण जंगलाची आणि वस्तीची गाठ बहुतेक वेळा तिथेच पडते.

कंपनी चालू असताना तीन पाळ्यांतली माणसे रात्रंदिवस ये-जा करत, दिवे जळत, फाटकावर पहारेकरी असे आणि आवारातले गवत वेळच्या वेळी कापले जाई. काम थांबले तशी ही सगळी राखण एका झटक्यात संपली. आत सुबाभूळ आणि घाणेरी माजली, भिंतीला भगदाड पडले, त्या भगदाडातून आसपासच्यांनी कचरा टाकायला सुरुवात केली, कचऱ्यावर भटकी कुत्री, डुकरे आणि घुशी पोसल्या गेल्या आणि त्यांच्या मागावर रात्री डोंगरावरून बिबट्या उतरू लागला. त्यामुळे घर घेण्यापूर्वी किंवा भाड्याने पाहण्यापूर्वी तो परिसर एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर पायी फिरून पाहावा. रस्त्यावरचे दिवे कुठे संपतात, कचराकुंडी कुठे आहे, कोणती भिंत पडली आहे आणि मुलांच्या शाळेची वाट कोणत्या कंपाउंडाला लागून जाते, एवढे पाहिले तरी दलालाने न सांगितलेले बरेच कळते.

कागदपत्रांच्या बाबतीत इथे नेहमीपेक्षा अधिक चोखंदळ राहावे लागते. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने अधिनियमाचा आधार घेऊन मुलुंड, भांडुप आणि इतर उपनगरांतील पुष्कळ जमिनींच्या नोंदींवर ‘खाजगी वन’ असा शेरा पडला, आणि ज्या इमारतींत लोक वर्षानुवर्षे राहत होते त्या एकाएकी वनजमिनीवरच्या ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाल देताना, अनेक वर्षांपूर्वी केवळ नोटीस काढली एवढ्याने जमीन सरकारजमा होत नाही असे सांगून या रहिवाशांना दिलासा दिला. तरीही तो शेरा आपल्या इमारतीच्या मालमत्ता पत्रकावरून आणि सातबाऱ्यावरून प्रत्यक्षात निघाला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. उद्यानाभोवतीचा, बांधकामावर निर्बंध असलेला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा २०१६ च्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झाला असून त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही, म्हणून इमारत त्या रेषेच्या आत येते की बाहेर, हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. इमारत बंद कारखान्याच्या जमिनीवर असेल तर आणखी एक कागद मागावा. अशा जमिनीचा वापर बदलताना कामगारांची देणी भागल्याबद्दल कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विक्री कार्यालयात हा कागद मागितला की समोरचा माणूस क्षणभर आपल्याकडे बघत राहतो, पण मागावा. देणी थकलेली असली तर तो वाद पुढे जमिनीच्या मानेवर बसतो, आणि माणुसकीचा हिशेब तर वेगळाच.

राहायला आल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम कचऱ्याचे आहे, आणि ते एका घराचे नसून संपूर्ण गल्लीचे आहे. या उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात चितळासारख्या वन्य प्राण्यांबरोबर भटक्या कुत्र्यांचाही मोठा वाटा असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. उद्यान व लगतच्या परिसरात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे आढळले होते. म्हणजे इथे बिबट्या असणे ही अपवादाची गोष्ट नाही, आणि त्याला वस्तीत यायला कारण मिळू न देणे एवढेच आपल्या हातात आहे. ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये. गाडी येण्याच्या वेळीच तो खाली न्यावा. मटण-कोंबडीच्या दुकानांतला टाकाऊ भाग कुठे जातो याची चौकशी सोसायटीने जरूर करावी. आमच्या मागच्या गल्लीत असा माल रोज रात्री पडक्या भिंतीपलीकडे फेकला जात असे आणि तिथे पंधरा-वीस कुत्री कायमची बसलेली असत. दुकानदाराशी भांडून काही झाले नाही, तक्रारीला उत्तरही आले नाही. शेवटी तीन सोसायट्यांनी वर्गणी काढून झाकणाचे पिंप आणि ते उचलणारा माणूस ठरवला, तेव्हा दोन महिन्यांत कुत्र्यांचा तो जमाव पांगला. कुत्र्यांना खाऊ घालण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी ती सकाळी, ठरलेल्या जागी आणि निर्बीजीकरणासह भागवावी; डोंगराच्या कडेला संध्याकाळी बिस्किटे टाकणे हे बिबट्यासाठी ताट वाढण्यासारखे आहे.

लहान मुलांना संध्याकाळनंतर एकट्याने बाहेर सोडू नये, हा नियम इथे कोणत्याही सबबीवर मोडू नये. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो, त्यामुळे घरात शौचालय नसलेल्या वस्त्यांत धोका कितीतरी वाढतो. सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर दिवा लावून घेणे ही म्हणूनच जीव वाचवणारी मागणी आहे, आणि नगरसेवकाकडे पाठपुरावा करायचा असेल तर याच मागणीने सुरुवात करावी. अंधारात चालताना विजेरी बाळगावी आणि मोबाइलवर गाणी लावून किंवा मोठ्याने बोलत जावे. आपली चाहूल लागली की बिबट्या बहुधा स्वतःहून बाजूला होतो.

तरीही तो समोर आलाच तर पळू नये आणि खाली बसू नये. ताठ उभे राहून, हात वर करून मोठ्याने ओरडावे, बरोबर मूल असेल तर त्याला उचलून घ्यावे आणि तोंड बिबट्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. इमारतीच्या आवारात बिबट्या शिरला तर दारे लावून घ्यावीत, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्याच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर गर्दी होऊ देऊ नये. चित्रीकरण करणाऱ्या लोकांचे कोंडाळे हाच अशा वेळचा खरा धोका असतो.

बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावण्याचा आग्रह धरू नये. २००४ च्या सुमारास उद्यानाभोवती हल्ल्यांची मालिका झाली आणि अनेक माणसे गेली. दुसरीकडून पकडून आणून सोडलेले बिबटे हे त्यामागचे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी मांडले. एक बिबट्या हलवला की त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा घेतो, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात अधिक बिथरलेला असतो. पाड्यांवरचे वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत याच रानात राहिले आहेत. कोणत्या ओहोळातून जनावराची वाट आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणून नव्या रहिवाशाने त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. त्यांना केवळ घरकामाला येणारी माणसे समजणारा शेजार मी पाहिला आहे, आणि तो अडाणीपणाच आहे.

बिबट्याची एवढी चर्चा होते, पण मुंबईच्या डोंगर-उतारांनी अधिक माणसे पावसात घेतली आहेत. २००० च्या जुलैत घाटकोपरला आणि १८ जुलै २०२१ रोजी चेंबूर व विक्रोळीला उतारावरच्या वस्तीत दरड व भिंती कोसळून मोठी जीवितहानी झाली; त्याच दिवशी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरून शहराचा पाणीपुरवठाही थांबला होता. घरामागे संरक्षक भिंत असेल तर मे महिन्यातच तिची पाहणी करावी. भिंतीतली पाणी निघून जाण्याची छिद्रे माती-प्लॅस्टिकने बुजलेली असतील तर ती मोकळी करून घ्यावीत, कारण भिंतीमागे साठलेले पाणीच ती ढकलून देते. भिंतीला फुगवटा येणे, नवी भेग पडणे, उतारावरची झाडे किंवा विजेचे खांब कलणे, छिद्रांतून एकाएकी गढूळ पाणी येऊ लागणे किंवा वाहते पाणी अचानक थांबणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान आवरत न बसता घर सोडावे आणि महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवावे. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्याचे पाणी अंगाला लागले असेल आणि नंतर ताप आला, तर लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका डॉक्टरांना आपणहून सांगावी.

सापांविषयी थोडक्यात सांगायचे तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे दंश झाल्यावर साप मारून दाखवायला नेण्याची गरज नसते. दंशाचा अवयव न हलवता, पट्टी न आवळता रुग्णाला मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात न्यावे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. माकडांसाठी एकच उपाय आहे : कोणीही, एकदाही, खायला घालू नये.

जंगलात जावेसे वाटले तर मागच्या पडक्या भिंतीवरून जाऊ नये. विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात एका विडीच्या थोटकाने अख्खा उतार वणव्यात जातो. बोरिवलीच्या मुख्य फाटकातून तिकीट काढून रीतसर आत जावे; सोमवारी उद्यान बंद असते. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी २०२४ मध्ये फुलून गेली आहे. आता २०३२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस ती पुन्हा फुलेल, तेव्हा शनिवार-रविवारची गर्दी टाळून सकाळी लवकर जावे.