राग ऐकून कविता लिहायचीय? मग झाड-पाखरं स्वतःची शोधा, ती अशी

मल्हार ऐकला की आपण लगेच मोर, पपीहा, बिजली लिहून मोकळे होतो. मीही कित्येक वर्षं तेच लिहीत होते. ते शब्द वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, बंदिशींमध्ये ते पिढ्यानपिढ्या गायले गेलेत, पण ज्यांनी ते रचले त्यांनी तो पक्षी कानाने ऐकला होता. पपीहा म्हणजे आपला पावशा, 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत ओरडणारा, लहानपणी कोकणात आजीकडे गेलो की पेरणीच्या आधी दिवसभर ऐकू यायचा, आणि हे दोन्ही पक्षी एकच हे मला कळायला तिशी उलटावी लागली. म्हणजे जो पक्षी मी खरंच ऐकला होता त्याचं नाव माझ्या कवितेत कधीच आलं नाही आणि जो नुसता बंदिशीत ऐकला तो मात्र दर कवितेत. तेव्हापासून मी वेगळ्या पद्धतीने लिहायला लागले, ती पद्धत इथे सांगतेय. गाणं शिकलेलं असायची गरज नाही, मीसुद्धा शिकलेली नाही, फक्त ऐकते.

पहिलं काम, एकच राग धरा आणि पंधरा दिवस सोडू नका

रोज नवीन राग ऐकून कविता होत नाही. एक राग घ्या, त्याची वेळ बघा, आणि शक्यतो त्याच वेळेला ऐका. मुंबईत सकाळचे राग मैफलीत फार कमी मिळतात कारण ऑफिस सुटल्यावरच कार्यक्रम असतात, दिवाळी पहाट सोडली तर भैरव, तोडी समोर बसून ऐकायचा योग क्वचित, आणि उघड्या मैदानावर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद म्हणजे मध्यरात्रीचा मालकंसही गेला. त्यामुळे रेकॉर्डिंगवरच भागवायचं आणि त्यात कमीपणा काही नाही. मी संध्याकाळी लोकलमध्ये ऐकते कारण तोच वेळ माझा स्वतःचा असतो. तुमचा पहाटे पाण्याची वेळ असेल तेव्हाचा असेल, मग ललत किंवा भैरव घ्या.

रेकॉर्डिंगही एकच ठेवा, निदान पहिला आठवडा. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, असेल तर अजून बरं. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, संपायला कधीकधी मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटात मन खिडकीबाहेर जातं. ते जाऊ द्या, आपल्याला तेच हवंय.

दुसरं, ऐकताना कविता लिहू नका

वहीत फक्त गाण्याबद्दल लिहा आणि अगदी साध्या भाषेत. आवाज कुठे थांबतोय, कुठे थांबायचं टाळतोय, कुठला सूर हलतोय. मियाँमल्हारात दोन्ही निषाद जवळजवळ येतात आणि कोमल गंधार झुलत राहतो, हे नाव-गाव माहीत नसलं तरी कानाला कळतं, काहीतरी जड वस्तू सावकाश हलतेय असं वाटतं. बस, तेवढंच लिहा, 'जड, सावकाश हलतंय'. ढग हा शब्द लिहू नका. एकदा ढग लिहिला की पुढे शोधायला काही उरत नाही.

अजून एक करून बघा, भूप आणि देशकार लागोपाठ ऐका. दोन्हीत स्वर तेच पाच, सा रे ग प ध, पण भूप संध्याकाळचा आणि गंधारावर, म्हणजे ग वर, रमणारा, देशकार सकाळचा आणि धैवतावर, म्हणजे ध वर, उभा. स्वर तेच आणि माणूस दुसराच! मला हे पहिल्यांदा नीट ऐकू आलं तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या पिंपळाकडे सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा बघायला लागले, सकाळी त्याची पानं वाजतात आणि संध्याकाळी त्यात साळुंक्या वाजतात. म्हणजे नुसतं झाड सापडून भागत नाही, ते कुठल्या वेळेचं हेही ठरवावं लागतं.

तिसरं, आपलं झाड शोधा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा.

पूर्वी चित्रकारांनी रागांची चित्रं काढली, रागमाला म्हणतात त्यांना, त्यात तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली बाई आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. सुंदरच आहे ते. पण मी हरीण पाहिलं ते बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, शाळेच्या सहलीत, जाळीपलीकडून, आणि त्यावर माझी तोडी उभी राहणार नाही. तुमच्या आयुष्यात जे रोज आहे त्यातून घ्या. मुंबईत निसर्ग नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावं. दुपारी बिल्डिंगांवर घिरट्या घालणारी घार आहे, ड्रेनेजच्या पाइपात उगवलेलं वडाचं रोप आहे, एप्रिल-मेमध्ये रस्ताभर पिवळा सडा टाकणारा सोनमोहर आहे, हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात येणारे रोहित पक्षी आहेत, कोळीवाड्यात वलांडीवर सुकणारे बोंबील आहेत. नॅशनल पार्कात कारवी आहे, ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, २०१६ ला फुलली आणि मग २०२४ ला. ज्याने कुणाची तरी खूप वाट बघितलीय त्याला ही कारवी आयती मिळालेली आहे, पण ज्याने वाट बघितलीय त्यालाच.

कारण प्रतीक 'आपलं' होतं ते बघितल्याने नाही, त्याच्या बाजूला आपल्यावर काहीतरी गुजरलेलं असलं तर होतं. माझं उदाहरण देते. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी संध्याकाळी त्यांना भेटून लोकलने परत यायचे आणि कानात मारवा असायचा, मुद्दाम लावलेला नाही, फोनमध्ये तेवढाच डाउनलोड होता. माहीम सोडलं की वांद्र्याच्या आधी खाडी लागते. तिथे कडेला तिवरं आहेत, खारफुटी म्हणतो ती, आणि ओहोटी असली की त्यांची मुळं चिखलातून सरळ वर आलेली दिसतात, बोटांएवढी, शेकड्याने. ती श्वासमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळपास नसतेच म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं, आणि भरती आली की ती पाण्याखाली जातात आणि झाड पाणी उतरायची वाट बघतं. बाबांना तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता. ह्याहून जास्त मला सांगायला नको.

मग मी काय केलं ते महत्त्वाचं. रोज एकाच ओळीची नोंद. गाडी रोज तीच पण पाणी रोज वेगळं, कारण भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज मुळं दिसली तर सात-आठ दिवसांनी त्याच वेळेला तिथे नुसतं पाणी, आणि पंधरवड्याने परत पहिल्यासारखं. ते मी पुस्तकात वाचायच्या आधी खिडकीतून शिकले. तुम्हीही निवडलेल्या गोष्टीची पंधरा दिवस अशीच नोंद ठेवा, उपमा न देता. 'मुळं दिसली. बगळा एक. पाणी काळं.' इतकंच. खिडकीतून भागत नसेल तर धारावीजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, जिथे पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, मिठी नदीच्या काठाला, तिथे जाऊन बसा. आणि त्या गोष्टीचं खरं नाव आणि ती जगते कशी ते माहीत करून घ्या, श्वासमुळं हा शब्द मला नंतर मिळाला आणि कविता त्या शब्दामुळेच सुरू झाली.

चौथं, वर्ज्य काय ते ठरवा

मला विचाराल तर सगळं इथेच आहे. रागाला ओळख मिळते ती त्यात असलेल्या स्वरांइतकीच नसलेल्या स्वरांमुळे. मालकंसात रिषभ आणि पंचम, म्हणजे रे आणि प, नाहीत. मारव्यात पंचम नाहीच, आणि षड्ज, म्हणजे सा, जो कुठल्याही गाण्याचं घर, तोही गाणारा टाळत राहतो, कोमल रिषभ आणि धैवतावरच फिरत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला घरी पोचल्यासारखं वाटतच नाही. सूर्य बुडताना गायचा हा राग आणि तो घरी जाऊ देत नाही, आणि मी त्याच वेळेला घरी चाललेली असायचे.

कवितेतही असंच करा. लिहायच्या आधी दोन शब्द बाजूला काढा, एक जो कवितेत येणारच नाही, तो पंचम, आणि एक जो अगदी शेवटी एकदाच येईल, तो षड्ज. वर्ज्य करायचा शब्द तोच, जो लिहायला हात सारखा शिवशिवतो. माझा पहिला ड्राफ्ट असा होता:

बाबा, तुमचा श्वास
तिवराच्या मुळांसारखा
चिखलातून वर येऊ बघतो

हे खोटं नाही, पण 'सारखा' म्हटलं आणि सगळं तिथेच संपलं, वाचणाऱ्याला करायला काही ठेवलंच नाही. मग मी 'बाबा' आणि 'श्वास' दोन्ही वर्ज्य केले, आणि 'घर' शेवटासाठी राखून ठेवलं. फार जड गेलं, दोन आठवडे काहीच झालं नाही. पण शब्द काढला की त्याची जागा रिकामी राहत नाही, बाकीचे शब्द त्याच्याकडे झुकायला लागतात, हे मला मारव्यानेच शिकवलं.

पाचवं, बढत आणि मुखडा

ख्यालात गायक सगळे स्वर एकदम दाखवत नाही, एकेक स्वर उघडत वर जातो, त्याला बढत म्हणतात, आणि दर आवर्तनाला मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. कवितेतही एक ओळ मुखडा म्हणून घ्या, अगदी साधी, आणि ती दोन-तीनदा परत येऊ द्या. ओळ तीच ठेवायची, तिच्यामागे आलेलं बदलायचं. माझी ओळ होती 'गाडी पुलावर हळू होते'. दोन आवर्तनांच्या मध्ये तुमच्या वहीतल्या नोंदी टाका, जशाच्या तशा, आता त्या कामाला येतात. हे झालं माझं:

गाडी पुलावर हळू होते.
पाणी उतरलंय. तिवराची मुळं
चिखलातनं वर आलीत, मोजता येत नाहीत.
एक बगळा मधून चालतोय, पाऊल न वाजवता.

गाडी पुलावर हळू होते.
पाणी अर्ध्यावर. टोकं दिसतायत,
टोकंच.

गाडी पुलावर हळू होते.
आज पाणी वर आहे. मुळं दिसत नाहीत.
खाली असतील.
मी घरी चाललेय.

ह्यात मारवा कुठेच लिहिलेला नाही ते बघा. रागाचं नाव कवितेत ठेवायचा मोह होतो, शीर्षकात तर होतोच, पण ज्याला मारवा माहीत नाही त्याला ते नाव परकं वाटतं आणि ज्याला माहीत आहे तो कविता सोडून मारवा आठवत बसतो. मी काढून टाकते. वहीत मात्र तारखेसकट लिहून ठेवते, राग, गायक, वेळ, पाणी.

सहावं, तानपुऱ्यावर वाचून बघा

मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावा आणि कविता मोठ्याने वाचा, गायची नाही, नुसती वाचायची. जिथे तुम्हाला लाज वाटते किंवा घाई होते ती ओळ एकतर उसनी आहे किंवा जास्तीची आहे. दोन ओळींच्या मध्ये तानपुरा एकदा पूर्ण फिरू द्या, तेवढी शांतता सहन होत नसेल तर पुढची ओळ लवकर आलीय. 'टोकंच' ही ओळ मला अशीच मिळाली, आधी तिथे तीन ओळी होत्या.

आणि एक लक्षात ठेवा, एका प्रतीकावर एकाच रागातून सगळं लिहून होत नाही. मारव्याचेच स्वर पुरियात आणि सोहनीतही आहेत, पुरिया खाली मंद्रात रमतो आणि सोहनी वर तार सप्तकात चमकते, म्हणून तिवरांना मी पुढच्या वर्षी रात्री उशिरा सोहनी ऐकत परत लिहिणार आहे, तेव्हा भरती असेल की ओहोटी ते वेळापत्रकात बघून ठेवलेलं नाही. सध्या समोरच्या सोनमोहराचं चाललंय. भीमपलास, दुपार, वहीत आत्तापर्यंत अकरा तारखा झाल्यात आणि कालच्या तारखेपुढे एवढंच आहे, 'वॉचमन झाडून गेला, पाच मिनिटांत परत पिवळं.'