मिरचीची रोपं हिवाळ्यात घरातच, लहान मुलाला हाताशी घेऊन

बिया पेरल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या लेकीने चमच्याने सगळ्या कुंड्या उकरल्या. तेव्हा ती पाच वर्षांची होती. "झोपल्यात का ते बघत होते," म्हणाली. रागावून उपयोग नव्हता. मिरचीची बी चांगली ऊब मिळाली तरी वर यायला आठ-दहा दिवस घेते, गारठ्यात तीन आठवडेही घेते, आणि इतके दिवस नुसत्या मातीकडे बघत बसणं मोठ्यांनाही जमत नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही एक कुंडी मुद्दाम उकरण्यासाठीच पेरली. बाकीच्या वाचल्या.

मिरचीला काय लागतं ते पुढे सांगतेच, पण मुलाला सोबत घेऊन करायचं तर ही वाट बघण्याची सोय आधी करावी लागते.

दिवस उलटे मोजा

तुमच्याकडे रात्रीचं तापमान साधारण १२-१३ अंशांच्या वर कधी स्थिरावतं, तो आठवडा कॅलेंडरवर शोधा. तिथून ८ ते १० आठवडे मागे या. तो पेरणीचा आठवडा. मागे जाताना एकेका आठवड्यावर फुली मारायचं काम मुलाला द्या. फार लवकर पेरण्याचा मोह आवरा. जास्त दिवस घरात कोंडलेली रोपं लांबट आणि पिवळी होतात, आणि बाहेर नेल्यावर रुसून बसतात.

कोणती मिरची

पहिल्या वर्षी ढोबळी किंवा दुसरी एखादी गोड, बिनतिखट जात घ्या. अतितिखट जातींपैकी बऱ्याच उगवायला आणखी वेळ खातात, आणि त्यांच्या बियांना लागलेला तिखटपणा बोटांवरून डोळ्यांत जायला क्षणभर पुरतो. घरात तिखटच जात हवी असेल तर तिची पेरणी तुम्ही हातमोजे घालून करा, मुलाला पाणी द्यायला ठेवा.

स्वयंपाकघरातल्या मिरचीतून बिया काढायची कल्पना मुलांना फार आवडते. चालेल, पण फळ पूर्ण लाल किंवा पिवळं पिकलेलं हवं. हिरवी ढोबळी म्हणजे बहुतेक वेळा कच्चं फळ, तिच्या बिया अनेकदा रुजतच नाहीत. शिवाय फळ संकरित जातीचं असेल तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून थोड्या बिया फळातल्या आणि थोड्या पाकिटातल्या, असं करा.

पाकिटातल्या बिया गुलाबी, निळ्या, हिरव्या अशा रंगांत माखलेल्या दिसल्या तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप असण्याची शक्यता असते. त्या मुलाच्या हातात देऊ नका. मिरचीच्या साध्या बियांचा रंग फिकट पिवळसर असतो. पाकिटावरचं वर्षही बघा. दोन-तीन वर्षांपर्यंत बियाणं ठीक असतं, पुढे उगवण घटत जाते.

बिया हातात असताना गप्पांना विषय मिळतो. मिरची मूळची अमेरिका खंडातली. तिचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि ते मुख्यतः बियांमध्ये नसतं, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात असतं. गंमत म्हणजे पक्ष्यांना ते तिखट लागतच नाही. ते मिरच्या खातात आणि बिया न चावता दूरवर टाकून येतात. उंदरांसारखे प्राणी बिया चावून फोडतात, म्हणून त्यांना झणका. आमच्याकडे या माहितीनंतर पुढचे चार दिवस कोणीतरी पोपट झालेलं होतं.

माती

बागेतली माती नको. ती छोट्या कुंडीत दगडासारखी बसते आणि तिच्यातली बुरशी कोवळ्या रोपांना मारते. भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात थोडं परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज दाणे), नाहीतर बियांसाठीचं तयार मिश्रण घ्या. कोकोपीटची सुकी वीट कोमट पाण्यात टाकली की फुगत फुगत कित्येक पट होते. हा कार्यक्रम मुलासमोरच करा, आणि मोठ्या टबात करा.

ओलावा किती हवा हे मुलाच्या मुठीला शिकवता येतं. मूठभर मिश्रण दाबायचं. गोळा झाला पाहिजे, बोट लावल्यावर फुटला पाहिजे, आणि बोटांच्या फटीतून पाणी टपकता कामा नये. टपकलं तर अजून थोडं कोरडं मिश्रण घाला.

कुंड्या लहानच घ्या, ५-६ सेंटीमीटरच्या. दह्याचे रिकामे डबेही चालतात, तळाला भोकं मात्र हवीत. भोकं तुम्ही पाडा.

पेरणी

बिया आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घाला. त्याने फार मोठा फरक पडतो असं नाही, पण मुलाच्या लेखी काम आदल्या रात्रीच सुरू होतं.

बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल हवी. मुलाच्या करंगळीचं नख बुडेल एवढं भोक, त्यात एक बी, वरून चिमूटभर मिश्रण, आणि हलका फवारा. वर माती थापायची नाही.

प्रत्येक कुंडीत दोन बिया टोकून नंतर अशक्त रोप कापून टाका, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. मुलासोबत मी तसं करत नाही. दोन आठवडे वाट बघून आलेल्या रोपाला कात्री लावताना लेकीचा झालेला चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. कुंड्या जास्त घ्या आणि एका कुंडीत एकच बी पेरा. ज्या उगवणार नाहीत त्या नाहीत.

काडीवर जातीचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई फवाऱ्याने पुसली जाते.

आता वाट बघण्याची सोय. तीन गोष्टी करा.

पहिली, उकरायची कुंडी. थोडी पसरट, आत आठ-दहा बिया. दर दोन दिवसांनी मुलाने त्यातली एक बी शोधून काढायची आणि वहीत तिचं चित्र काढायचं. आधी बी फुगते, मग एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो, मग मूळ खाली वळतं. बाकीच्या कुंड्यांना हात लावायचा नाही, हा करार असला की तो पाळला जातो, कारण बघायला जागा आहे.

दुसरी, ओल्या कागदी रुमालात ठेवलेल्या चार बिया, पारदर्शक पिशवीत. उकरण्याचा धीर नसलेल्या मुलांना ही बरी. मूळ अर्धा सेंटीमीटरचं झालं की यांनाही कुंडीत जागा देता येते. मूळ बोटांनी धरायचं नाही, चमच्याने बी उचलायची.

तिसरी, एका वेगळ्या डब्यात मुळ्याचं बी. मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतो. मिरची ढिम्म असताना मुलाला काहीतरी हिरवं बघायला मिळतं, आणि माती-पाणी बरोबर आहे याची तुम्हालाही खात्री पटते.

ऊब

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझीही झाली. पहिल्या वर्षी मी ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. दिवसा ऊन छान यायचं, पण रात्री पडदा ओढला की काच आणि पडदा यांच्यामध्ये थंड हवा साचायची आणि ट्रे त्यातच. तीन आठवड्यांत बारा बियांमधून दोन उगवल्या.

मिरचीच्या बीला मातीत २५ ते २८ अंश हवेत. २० अंशांवरही उगवते, पण रेंगाळत. १५ च्या खाली जवळपास नुसती पडून राहते आणि ओल्या गार मातीत कुजण्याची शक्यताच जास्त. खोलीचं तापमान आणि मातीचं तापमान एक नसतं, ओली माती हवेपेक्षा गारच असते. म्हणून मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर आणा. रोज सकाळी आकडा वाचून वहीत लिहिणं हे मुलाचं काम. आमच्या वहीतली पहिली दोन पानं अशी आकड्यांचीच आहेत, काही उलटे लिहिलेले.

रोपांसाठी मिळणारी हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली घालायची विजेवर तापणारी चटई, सगळ्यात सोपी. ती नसेल तर घरातली उबदार जागा थर्मामीटरनेच शोधा, हाताच्या अंदाजाने नाही. हीटरवर थेट ट्रे ठेवू नका, बिया भाजतील. वीज आणि पाणी जवळ आलं की तारा-प्लगचं काम मोठ्यांचं, यात सूट नाही.

उगवेपर्यंत उजेड लागत नाही. ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा पिशवी ठेवा म्हणजे ओलावा टिकेल. आतून थेंब धरले की दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्या.

कोंब दिसला की

कोंब सरळ वर येत नाही. मान वाकवून, आधी पाठ बाहेर काढतो आणि मग सरळ होतो. पहिला वाकलेला कोंब दिसला त्याच दिवशी झाकण काढा आणि ट्रे उजेडात न्या. "उद्या नेऊ" म्हटलं तर एका दिवसात रोप उंच, लुकडं होतं आणि ते परत आखूड होत नाही.

कधी कधी बीचं टरफल टोपीसारखं पानांवर अडकून बसतं. मुलं ते ओढायला धावतात आणि टोपीबरोबर डोकंही हातात येतं. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवायचा, तासाभराने बघायचं, पुन्हा थेंब. बहुतेक वेळा ती आपोआप सुटते.

हिवाळ्यातला खिडकीचा उजेड सहसा पुरत नाही. दिवस लहान असतात, ऊन तिरपं असतं. पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली रोपं ठेवा, शेंड्यापासून ५ ते १० सेंटीमीटर वर, रोज १४ ते १६ तास. उरलेले तास अंधार. टायमर लावला तर विसरण्याची भीती नाही. रोप वाढलं की ट्यूब वर सरकवायची, पट्टी घेऊन अंतर मोजायला मूल हजर असतंच. नुसत्या खिडकीवरच भागवायचं असेल तर कुंडी रोज अर्धी फिरवा, आणि एक कुंडी दोन दिवस न फिरवता ठेवा. रोप उजेडाकडे मान वळवतं हे मुलाने स्वतः बघावं.

आता मॅट काढली तरी चालते. दिवसा २० ते २४ अंश आणि रात्री थोडं कमी, यात रोपं ठणठणीत राहतात.

पाणी

मूल प्रेमापोटी पाणी घालतं. घालतच राहतं. मिरचीची कोवळी रोपं तहानेपेक्षा या प्रेमानेच जास्त मरतात. माती सतत चिंब राहिली की बुरशी लागते, खोड मातीलगत बारीक, काळपट होतं आणि रोप आडवं पडतं. याला मर रोग म्हणतात. पडलेलं रोप वाचत नाही. ते ताबडतोब काढून टाकायचं आणि बाकीच्यांचं पाणी आवरायचं.

आमच्याकडे नियम असा की पाणी देण्याआधी कुंडी उचलायची. जड असेल तर आज नाही, हलकी असेल तर पाणी. दोन दिवसांत मुलांचा हात बसतो, मोठ्यांपेक्षा लवकर. पाणी वरून न ओतता कुंड्या पसरट भांड्यातल्या कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवायच्या, तळाच्या भोकांतून हवं तेवढं पाणी वर चढतं. उरलेलं ओतून द्या. हवा खेळती राहावी म्हणून छोटा पंखा मंद, रोपांच्या थेट अंगावर न येईल असा लावला तर मर कमी होते. बारीक काळी चिलटं घोंघावू लागली तर तीही जास्त पाण्याचीच खूण.

मोठ्या कुंडीत

पहिली दोन गुळगुळीत, टोकदार पानं ही खरी पानं नव्हेत, ती दलपत्रं. ती बीच्या आतच तयार असतात. त्यांच्यानंतर येतात ती खरी पानं. खऱ्या पानांच्या दोन जोड्या दिसल्या की रोप ८-१० सेंटीमीटरच्या कुंडीत हलवा, आधी जितकं खोल होतं तितकंच. धरताना पानाला धरायचं, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चेमटलं तर रोप गेलं.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. खरी पानं आल्यापासून आठ-दहा दिवसांनी एकदा द्रवखत द्या, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. मोजणी तुम्ही करा, बाटली वर ठेवा.

बाहेर

घरात वाढलेल्या रोपाने खरं ऊन आणि वारा बघितलेला नसतो. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, मग थोडं कोवळं ऊन, असं ७ ते १० दिवस वाढवत न्या. रात्री आत. घाई केली तर पानांवर पांढरे चट्टे पडतात. रोपांना बाहेर सोडायचं आणि परत आणायचं हे काम मुलाला भलतंच आवडतं, शाळेत सोडल्यासारखं.

लावायच्या दिवशी रोपाला उपटायचं नाही. मुलाचा तळहात मातीवर, खोड दोन बोटांच्या फटीत, कुंडी उलटी करून तळाला टिचकी, की मातीचा गड्डा अलगद हातात येतो. दोन रोपांमध्ये साधारण ४५ सेंटीमीटर. लहान मुलाची अडीच पावलं होतात, पण आधी पाऊल पट्टीने मोजून घ्या, कारण पेरणीपासून इथवर तेही वाढलेलं असतं.