जुन्या व्यापारी डिरेक्टरीतून नागपूरची वाहतूक कशी शोधायची

नागपुरात टांगे कधी कमी झाले न मोटारी कधी वाढल्या, हे घरातल्या मोठ्यांना विचारलं की प्रत्येकजण वेगळं साल सांगतो. जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या, म्हणजे धंदेवाल्यांची नावं-पत्ते छापलेली पुस्तकं, शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तर यातलं बरंच पक्कं कळतं.

आधी डिरेक्टरी मिळवा. कलकत्त्याहून निघणारी थॅकर्स इंडियन डिरेक्टरी १८८५ पासून देशभराची माहिती द्यायची, तिचे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट बघता येतात. एकाच वर्षाचा अंक उघडून काही हाती लागत नाही, साधारण दहा-दहा वर्षांच्या अंतराने जे मिळतील ते चार-पाच घ्या. प्रांतवार भाग असेल तर मुंबई इलाख्यात शोधत बसू नका, नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. आणि सर्च करताना इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा, जुन्या छपाईत नागपूरच्या शेवटी ओ-आर-ई असायचं, कामठी न सीताबर्डीचं स्पेलिंगही आत्तापेक्षा वेगळं असायचं, नाहीतर पान समोर असून सापडत नाही.

आता खरं काम. वहीत किंवा एक्सेलमध्ये आडवी वर्षं लिहा, उभे धंदे: घोडागाड्या बनवणारे, खोगीर-लगामवाले, सायकलवाले, मोटार डीलर, टायर, पेट्रोल, माल पोचवणारे एजंट. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि पान नंबर लिहाच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, डिरेक्टरीत मोठी दुकानं आणि साहेब लोक येतात, टांगेवाला किंवा बैलगाडीवाला येत नाही, म्हणून नाव नाही म्हणजे धंदा नव्हता असं कधीच धरू नका. टांगा शोधायचा तर त्याच्यावर पोट असणाऱ्यांना शोधा. गाडी बनवणारा त्याच पत्त्यावर पुढच्या अंकात मोटार दुरुस्ती करताना दिसला, तर बदल तिथेच पकडला समजा! तसंच छापायला वेळ लागायचा, त्यामुळे १९३० च्या अंकातली माहिती बहुतेक १९२९ ची असते.

मग पडताळा. नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं आणि १९६६ चं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) काढा, दोन्हीत रस्ते-रेल्वेची माहिती आहे. मोठ्या तारखा पण तक्त्यात टाका: रेल्वे नागपुरात आली १८६७ ला, बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची, स्टेशनची आत्ताची इमारत १९२५ ची, मोटार वाहन कायदा १९३९ चा. एजंटांची नावं स्टेशनकडे सरकली का, बसवाले कायद्यानंतर वाढले का, हे मग आपोआप दिसायला लागतं.

स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी टेलिफोन डिरेक्टरी आणि यलो पेजेस बघा, रद्दीवाल्याकडे सांगून ठेवलं तर मिळतात. शेवटी पत्त्यांची यादी घेऊन इतवारी, सदर, सीताबर्डी असं पायी फिरा, आणि जुन्या गॅरेजवाल्या काकांना यादी दाखवून विचारा की इथे आधी काय होतं. ते सांगतील ते वेगळ्या कॉलममध्ये लिहा, छापील नोंदीत मिसळू नका.