कंबर दुखतेय? कट्टा बघून चाला
साठीनंतर कंबर धरली की घरचे आधी ‘पडून राहा’ म्हणतात. एखाद दिवस ठीक; त्यापुढे पडून राहिलं की अंग आखडतं, स्नायूंची ताकद जाते आणि उठणं आणखी जड होतं. त्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं चाला. जागा सपाट आणि मध्येच टेकता येईल अशी हवी. दादरकरांना शिवाजी पार्कचा कट्टा आहेच, पाय भरून आले की बसा. स्टेशनचे जिने मात्र व्यायाम म्हणून नकोत. गर्दीत कोण कधी धक्का देईल, सांगता येत नाही! भाजीचं ओझं दोन पिशव्यांत, दोन्ही हातांत वाटून घ्या. चालताना थोडं दुखलं तरी चालेल. पण पाय बधिर किंवा लुळा पडू लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.