खोट्या कळा आणि प्रसूतीच्या कळा यांतील फरक कसा ओळखावा

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, आणि काहींना त्याआधीही, पोट अधूनमधून एकाएकी कडक होते व थोड्या वेळाने आपोआप सैल पडते. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७२ मध्ये या आकुंचनांचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्यांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात. याच खोट्या कळा; त्यांमुळे गर्भाशयाचे तोंड उघडत नाही.

पोट कडक झाले की प्रथम लघवीला जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयामुळेही अशी आकुंचने येतात. मग सावकाश पाणी प्यावे, उभ्याने काम चालले असेल तर डाव्या कुशीवर पडावे आणि बराच वेळ पडून असाल तर थोडे चालावे. खोट्या कळा बहुधा एवढ्याने ओसरतात.

त्या ओसरल्या नाहीत, तर घड्याळ पाहून नोंद करावी. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, हे कागदावर लिहावे. हे काम घरातील दुसऱ्या कोणी केले तर अधिक चांगले. दुखणे किती तीव्र आहे यावरून निर्णय घेऊ नये, कारण खोटी कळही जोराची असू शकते आणि खरी कळ सुरुवातीला सौम्य असू शकते. खऱ्या कळांचे अंतर कमी होत जाते, त्यांचा कालावधी व जोर वाढत जातो, विश्रांतीने त्या थांबत नाहीत आणि अनेकींना त्या कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतात.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या, तर मात्र नोंद पूर्ण होण्याची वाट पाहू नये. अकाली प्रसूतीची शक्यता डॉक्टरांनीच तपासायला हवी. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, पोट सैल न पडता सतत दुखत राहणे, यांपैकी काहीही झाल्यास, कोणताही महिना असो, लगेच दवाखाना गाठावा. ‘पहिलटकरणीला वेळ लागतोच’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले तरी थांबू नये, आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल तर मुळीच घेऊ नये. आधी सिझेरियन झाले असेल किंवा दवाखाना लांब असेल, तर लवकर निघावे. महाराष्ट्रात १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. निघताना तपासणीची फाईल व कळांची नोंद सोबत घ्यावी.