घरचा नंबर प्लास्टिकवर, परदेशातलं इंटरनेट ई-सिमवर

गेल्या वर्षी लेकीकडे जर्मनीत श्टुटगार्टला निघालो, तेव्हा आमच्या सांगलीच्या सोसायटीत दोन पक्ष पडले. तरुण मंडळी म्हणाली, "काकू, सगळं ई-सिमवर करून टाका." (ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, त्याला प्लास्टिकचं कार्ड लागत नाही.) ह्यांचे मित्र म्हणाले, "तिथं उतरून साधं सिम घ्या, नसती भानगड नको." मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. माझा प्रश्न एकच होता: ओटीपी कुठे येणार?

बँक, आधार, यूपीआय, सगळं भारतातल्या नंबरला बांधलेलं असतं. म्हणून तो नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्या आणि प्रवासातल्या इंटरनेटपुरतं ई-सिम घ्या. दोन्ही एकाच फोनमध्ये नांदतात.

असं का, ते बोडेनसे तलावावर कळलं. फोटो काढताना ह्यांचा फोन बोटीच्या डेकवर आपटला आणि स्क्रीन काळी पडली. मी कानातल्या कुड्याच्या काडीने सिमचा ट्रे उघडला, सिम लेकीच्या जुन्या फोनमध्ये घातलं, आणि पाच मिनिटांत वीजबिलाचा ओटीपी आला. तोच नंबर ई-सिमवर असता तर श्टुटगार्टमध्ये बसून कंपनीच्या मागे लागावं लागलं असतं. शिवाय आपल्याकडे सिम बदललं की सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक टाळायला. निघण्याच्या आदल्या दिवशी हौसेने ई-सिम करून घेऊ नका, एवढं तरी ऐका.

याला एक अपवाद आहे. भाच्याने अमेरिकेतून आणलेला आयफोन असेल तर आधी कडा तपासा. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना सिमची खाचच नाही. मग भारतातला नंबरही ई-सिमवरच न्यावा लागेल. ते काम महिनाभर आधी उरका. फोन तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, तेही भाच्याला विचारा.

आपला फोन ई-सिम घेतो का, हे बघायला *#०६# दाबा. आयएमईआयसोबत (म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत) ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर बहुधा घेतो. नाही दिसला तर वाद मिटला, तिथं उतरून प्लास्टिक घ्या. मात्र फोनला दुसरी खाच नसेल तर आपलं सिम काढावं लागतं, आणि नॅनो सिम असतं जेमतेम १२ मिलिमीटर लांब. मी त्यासाठी आईची कुंकवाची डबी नेली होती.

ई-सिम घेताना दोन गोष्टी वाचा. एक, मुदत कधीपासून मोजतात. काही प्लॅन परदेशातलं नेटवर्क पकडल्यावर सुरू होतात, काही फोनमध्ये टाकल्याक्षणी. दुसरी, देशांची यादी. २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशातही साधारण त्याच दरात चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. आपली निम्मी मंडळी तर युंगफ्राऊ बघायलाच जातात! आमच्या ओळखीच्या जोडप्याने पॅरिसला सिम घेतलं आणि इंटरलाकेनला फोन मुका झाला. "युरोप" या शब्दावर जाऊ नका, यादीत "स्वित्झर्लंड" लिहिलेलं दिसलं पाहिजे.

ई-सिम विकत घेतलं की ते फोनमध्ये टाकायला क्यूआर कोड येतो, तो घरच्या वाय-फायवर स्कॅन करा. तो कागदावर छापून घ्या किंवा नवऱ्याच्या फोनवर पाठवा, कारण ज्या फोनवर कोड आहे त्यानेच तो स्कॅन करायला गेलं की धांदल उडते. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, त्यामुळे ते सिम चुकूनही डिलीट करू नका.

आता सगळे इथेच अडतात: विमान उतरल्यावर ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आणि भारतीय सिमचं बंद. उलटं झालं तर बिल बघून घाम फुटेल. भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय मात्र निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या, नाहीतर ओटीपी येणार नाही. परत येईपर्यंत पुरेल असा रिचार्जही मारून ठेवा. त्या नंबरवर आलेले फोन उचलू नका, पैसे पडतात. व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का असं विचारलं तर "नाही" म्हणा, जुन्याच नंबरवर ते चालतं.

तीन महिने राहायचं असेल, दवाखान्यात वगैरे स्थानिक नंबर द्यायचा असेल, तर प्लास्टिकचं प्रीपेड घ्या. प्रवासी ई-सिमला बहुधा नंबरच नसतो, नुसता डेटा. जर्मनीत सुपरमार्केटमध्येही सिम मिळतं, पण २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय ते सुरू होत नाही. पासपोर्ट हाताशी ठेवा आणि शक्यतो दुकानातच सुरू करून घ्या.

काश्मीर-लडाखला जाणाऱ्यांनी यात पडूच नये. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, मग ते प्लास्टिक असो की ई-सिम. पोस्टपेड लागतं.

आणि मुंबईला उतरलात की भारतीय सिमचा डेटा पुन्हा चालू करा. मी विसरले होते. पनवेल येईपर्यंत नेटवर्कला नावं ठेवत बसले.